दोन काचा

"एकटीले नाही सांगत मी. नवऱ्याले घेऊन ये, मंग सांगतो."

डॉक्टर पंचफुला बागडे हे वाक्य म्हणायची तेव्हा तिचा आवाज चढत नसे. दवाखान्याच्या लहान मुलांच्या विभागात तिचं टेबल खिडकीशी होतं. समोर बाई बसलेली असे, मांडीवर पिवळट डोळ्यांचं पोर, हातात घड्या घालून घालून मऊ झालेला केसपेपर. बाई मौद्याहून आलेली असे, काटोलहून, कधी पाचपावलीच्या मागच्या गल्लीतून. पंचफुला पोराचं पोट चाचपून बघे, सुजलेली बोटं हातात घेई, गोळ्या लिहून देई, पाणी किती पाजायचं, थंडीत काय पांघरायचं ते सांगे. उपचार ती कधी अडवत नसे. पण बाईनं "हे कायनं झालं जी?" असं विचारलं की ती पेन खाली ठेवी आणि ते वाक्य म्हणे.

काही बाया पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन येत. काही पुढच्या हिवाळ्यात येत. काही कधीच येत नसत. न आलेल्यांबद्दल ती बोलत नसे, पण दार वाजलं की तिची मान आधी दाराकडे वळे आणि मग आलेल्या माणसाकडे.

तिच्याच बरोबरीचा डॉक्टर गोविंदा वैरागडे शेजारच्या टेबलावर बसे. तो तिला सोडत नसे.

"बागडेबाईच्या ओपीडीत औषधं कमी अन् लग्नं जास्त लागते," तो म्हणे. "जोडप्याशिवाय प्रवेश नाही. उद्यापासून टेबलावर अक्षता ठेवत जा."

"ठेवतो. तू अंतरपाट धर."

"अन् नवरा नाहीच आला तर?"

"तर तुले उभा करतो."

गोविंदा हसे. ती हसत नसे, पण तिच्या ओठाची डावी बाजू थोडी हले. तिला ओळखणाऱ्यांना ते पुरे होतं.

ती पाचपावलीची. बाप रामाजी गिरणीत होता, आई भीमाबाई बिड्या वळायची. घरात तेंदूच्या पानांचा ओलसर वास कायम असे. पंचफुलाच्या सगळ्या पुस्तकांना तो लागला होता. अकराव्या वर्षी ती आईबापांबरोबर पांढरं पातळ नेसून दीक्षेला गेली होती. त्या दिवसाची तिला गर्दीपेक्षा बापाच्या घामेजल्या हाताची आठवण जास्त होती. पुढे ती डॉक्टरकीला गेली तेव्हा वस्तीतल्या बाया दारातून बघायला आल्या. भीमाबाईनं कात्री चालवता चालवताच त्यांना सांगितलं, "पाह्याले काय आल्या वं? शिंग फुटले का तिले?"

थोरला भाऊ देवाजी. त्याची बायको गोपिका भिवापूरची, बोलायला मोकळी, हसताना तोंडावर पदर घेणारी. त्यांना मुलगा झाला, मिलिंद. वर्षाच्या आतच त्याचे हातपाय सुजायला लागले. सूज उतरे, पुन्हा येई. रात्र रात्र रडे. कुणी म्हणालं हाडात वारं शिरलं, कुणी म्हणालं नजर. शेवटी गोपिका त्याला घेऊन एका डॉक्टरकडे गेली. एकटीच गेली. देवाजीची गिरणीत पाळी होती, भीमाबाईला बिड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या, पंचफुलाची परीक्षा होती.

तो डॉक्टर भला माणूस होता. रक्त तपासून त्यानं तिला समोर बसवलं आणि नीट समजावलं. रक्तात गोल पेशी असतात. या मुलाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हे आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. दोघांच्याही रक्तात ते थोडंथोडं असतं, म्हणून दोघं धडधाकट असतात. मुलात दोन्हीकडचं एकत्र येतं. दोष कुणाचाच नाही. एकही शब्द चुकीचा नव्हता. गोपिकाला सगळं कळलं. विसरू नये म्हणून ती ते मनात घोकत घरी आली आणि चुलीशी बसून तिनं सांगितलं.

"डॉक्टर म्हणते, दोघांच्याबी रक्तात हाय. माह्याबी अन् यायच्याबी."

भीमाबाईची कात्री थांबली.

"कोणाच्या?"

"यायच्या."

"माह्या पोराले काय झालं वं? दोन दोन पाळ्या करून राहिला तो. आपल्या माहेरचा रोग त्याच्या माथी मारून राहिली का?"

"मी नाही म्हणत, आत्याबाई. डॉक्टर म्हणते."

"डॉक्टरनं त्याले पाह्यलं? नाही ना? मंग कसा म्हणते?"

संध्याकाळी पंचफुला आली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माय, वहिनी खरं सांगून राहिली. माझ्या पुस्तकात आहे ते."

"तुह्या पुस्तकात तुह्या भावाचं नाव हाय का?"

"दादाचं रक्त तपासलं की कळते. एक थेंब लागते. मी उद्या सुई घेऊन येतो."

देवाजी दाराशी उभा होता. त्यानं उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला आणि तो बाहेर काढला नाही. सुईला तो भीत नव्हता. गिरणीत त्याच्या बोटाचं पेर गेलं होतं तेव्हा तो ओरडलासुद्धा नव्हता. पंचफुला दुसऱ्या दिवशी सुई घेऊन आली, तिसऱ्या दिवशी आली. हात खिशातच होता.

मिलिंद पोळ्याच्या आधी गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोपिकाला माहेरी पाठवायचं ठरलं. पाठवायचं म्हणजे काय, ते कुणी बोललं नाही. सायकलरिक्षात पायाशी पत्र्याची पेटी ठेवून ती बसली. इतवारी स्टेशनापर्यंत पोचवायला पंचफुला बरोबर होती. तिथून छोट्या लाइनची गाडी भिवापूरला जाते. वाटेत मारबतीची मिरवणूक आडवी आली. बांबू-कागदाची ती अवाढव्य बाई माणसांच्या खांद्यांवरून डुलत चालली होती आणि पोरं घसा फोडून ओरडत होती: रोगराई घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा! वस्तीबाहेर नेऊन तिला जाळायचं, की वर्षाची पीडा गेली. रिक्षावाला पायडलवरून उतरून बघत उभा राहिला.

गोपिका त्या मिरवणुकीकडे बघतही नव्हती. ती म्हणाली, "फुलाताई, त्या डॉक्टरनं मले खोटं सांगतलं का?"

"नाही वहिनी. खरं सांगितलं."

"मंग असं काहून झालं?"

मिरवणूक गेली, रिक्षा निघाली, गाडी मिळाली.

पुढचं जास्त अवघड आहे. देवाजीचं दुसरं लग्न झालं. या बायकोच्या रक्तात ते नव्हतं, त्यामुळे तिची तिन्ही मुलं गुटगुटीत निघाली. पंचफुलाला ते का ते माहीत होतं. भीमाबाईलाही माहीत होतं, आपल्या परीनं. नातवाला मांडीवर खेळवत ती म्हणे, "पाह्य. म्हटलं होतं का नाही?" पंचफुलानं एकदाच समजावलं. आई ऐकत राहिली आणि मग लेकीच्या ताटात तिनं आणखी एक भाकर वाढली. शिकलेल्या लेकीवर माया करावी तशी. खरं हरतं तेव्हा आवाज होत नाही. जेवणं होतात, भांडी घासली जातात.

आईशी ती भांडली नाही. घर सोडून वेगळीही राहिली नाही. कधी सुट्टीत भिवापूरला जाई. गोपिका तिथं बायांच्या ओळीत बसून मिरच्यांची देठं खुडत असे. डोळ्यांतून पाणी येई ते मिरचीचं. दोघी चहा पीत, पावसापाण्याचं बोलत. परत येताना पंचफुलाच्या मनात एकच गोष्ट फिरत असे. त्या डॉक्टरचं काय चुकलं? काहीच नाही. त्यानं पूर्ण खरं सांगितलं, फक्त एकटीला सांगितलं. एकटीच्या पदरात टाकलेलं खरं उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा एकटीचा गुन्हा होऊन बसतं.

तिची कामाची रीत इथून आली.

जोडपं आलं की ती आधी पुरुषाचं बोट टोचे, मग बाईचं. दोन काचांवर दोन थेंब, त्यांवर औषधाचा एकेक थेंब, वर पातळ काच, आणि कडेनं वितळलेलं मेण, हवा आत जाऊ नये म्हणून. मग दोघांना बाहेरच्या बाकावर बसवी. हवा तुटली की ज्या रक्तात हा वाकण्याचा गुण आहे त्यातल्या पेशी हळूहळू वाकायला लागतात. तासाभरानं ती दोघांना आत बोलावी. दोन्ही काचा त्यांच्यादेखत रुमालाखाली घाली, पुढेमागे करी, आणि एक काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवी.

"पाहा. एक डोळा मिटा. तो नाही, दुसरा."

पुरुष वाकून बघत. बैलाचे दात बघावेत तसे गंभीरपणे बघत.

"काय दिसून राहिलं?"

"इळे हायेत जी. बारके बारके इळे."

"आता ही दुसरी पाहा."

"इच्यातबी इळेच."

"तुमची कोणती अन् इची कोणती, सांगा."

माणूस पुन्हा वाके. ही काच, ती काच, पुन्हा ही. एकदा उमरेडकडचा एक जण बराच वेळ बघून म्हणाला होता, "माह्याच्यात जरा कमी असंन जी." त्याची बायको म्हणाली, "मंग दाखवा ना तुमची कोणती." त्याला दाखवता आली नाही. ती बाई खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाशी नेला. पंचफुला त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती.

एवढं झाल्यावर मग ती बोलायला लागे. तोवर फारसं बोलायचं उरलेलं नसे.

या रीतीला विभागप्रमुखांचा विरोध नव्हता, पण कुरकुर होती. रांग वाढते. पुरुषांची रोजी बुडते. तिलाही ते कळत होतं. तिला आणखी एक अडचण होती, ती फारशी कुणाला कळत नव्हती. काचेवर आईबापाचं आणि आजारी मुलाचं रक्त सारखंच दिसतं. नुसता गुण बाळगणारा कोण आणि रोगी कोण, हे वेगळं काढायला यंत्र लागतं. ते नागपुरात नव्हतं. रक्त बर्फात घालून रेल्वेनं मुंबईला जाई आणि निकाल येईपर्यंत कधी कधी पोरगं राहत नसे.

म्हणून तिनं त्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. मुंबईचा एक ट्रस्ट दर वर्षी विदर्भातल्या एका डॉक्टरला दीड वर्ष लंडनला पाठवी आणि परत आल्यावर कामाला लागणारं यंत्र त्याच्या दवाखान्याला देई. वयाची अट पस्तिशीची. एकोणऐंशी साल ही तिची शेवटची संधी होती. घरी सांगितलं तेव्हा भीमाबाई म्हणाली, "लंडनले? थंडी असते म्हणते तिथं." दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून जुनी लोकरी शाल काढून उन्हात टाकली. निकालाआधीच.

मुलाखती दवाखान्यातच होत्या, रक्ततपासणी विभागाच्या शिकवण्याच्या खोलीत. फेब्रुवारी संपत आला होता. व्हरांड्यात उमेदवारांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. गोविंदानंही अर्ज केला होता. त्याचा नंबर तिच्या आधी लागला. या वर्षी पद्धत नवी होती. पुस्तकातलं विचारणार नव्हते. प्रत्येकाला वॉर्डातला एक खरा पेशंट आणि त्याचे रिपोर्ट द्यायचे, आणि त्या माणसाला त्याचा आजार समजावून सांगायला लावायचं. रिपोर्ट वाचता येतात सगळ्यांना, सांगता किती जणांना येतात ते पाहू, असं मुंबईहून आलेल्या परीक्षकांचं, डॉक्टर समेळांचं म्हणणं होतं. पंचफुलाला ते ऐकून बरं वाटलं होतं.

गोविंदा बाहेर आला तो घाम पुसतच, पण खुशीत.

"एकदम सोपं हाय. मधुमेहाचा म्हातारा होता. स्वादुपिंड, साखर, सगळं सांगितलं. मान हलवत होता बिचारा. समेळ तर खूशच झाले."

तेवढ्यात तो म्हातारा त्याच्या मागोमाग बाहेर आला. धोतराचा सोगा सावरत त्यानं गोविंदाच्या बाहीला हात लावला.

"डॉक्टरसाहेब, काय म्हणत होते जी ते आतमंधी?"

"कोण?"

"तुमीच."

पंचफुलाच्या ओठाची डावी बाजू हलली. गोविंदानं कपाळाला हात लावला, म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी वऱ्हाडीत. तेवढ्यात आतून तिचं नाव आलं.

खोलीत लांब टेबलामागे दोघं बसले होते. एक समेळ, बारीक चणीचे, पांढऱ्या बाह्यांचे, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारे. दुसरे डॉक्टर मनोहरराव पिंपळखुटे, इथूनच निवृत्त झालेले, पंचफुलाला ज्यांनी शिकवलं होतं. टेबलाच्या टोकाला सूक्ष्मदर्शक होता, काचांचा डबा होता, औषधाच्या बाटल्या, सुया, मेणबत्ती आणि दिव्यावर ठेवलेलं पाण्याचं भांडं होतं. मधल्या स्टुलावर एक तरुण बाई, मांडीवर चारेक वर्षांची मुलगी. मुलगी खिडकीतल्या कबुतराकडे बघत होती.

समेळांनी रिपोर्ट पुढे केला. "वाचा. यांना समजावून सांगा. मधे आम्ही काही विचारू."

पंचफुलानं वाचलं. मुलीला तोच रोग, विळ्यासारख्या पेशींचा. मुंबईचा निकाल जोडलेला. आईच्या रक्तात गुण आहे. वडिलांची तपासणी झालेली नाही.

तिनं खुर्ची ओढून बाईसमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. "नाव काय वं तुझं?"

"सिंधू."

"अन् इचं?"

"शारदा."

"कोणतं गाव?"

"कुही." बाईनं टेबलामागच्या माणसांकडे एकदा बघितलं. "आज सुट्टी देऊन राहिले. दुपारच्या गाडीनं जाचं हाय."

पंचफुला शारदाकडे वळली, तिचा हात उघडून तिनं तळवा बघितला, मग बोलायला लागली. सिंधूशीच, हळू. अंगात रक्त फिरते ते गल्ल्यांमधून फिरते. काही गल्ल्या मोठ्या, काही अशा का एकच बैलगाडी जाईन. चांगल्या रक्ताचे दाणे गोल असते, बोरासारखे, गडगडत जाते. इच्या रक्ताचे दाणे थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, का वाकडे होते, इळ्यासारखे. एक आडवा झाला का गल्ली बंद. मागच्या गाड्या मागंच. जिथं गल्ली बंद होते तिथं दुखते.

"म्हून बोटं सुजते का जी?"

"म्हून."

"अन् पोट?"

"मोडलेले दाणे पोटातल्या एका जागी जमा होते. ती जागा फुगते. तिथं मार लागू द्यायचा नाही. पोट एकदम टम्म झालं, पोरगी पांढरी पडली, का तसंच उचलायचं अन् इथं आणायचं. घरी वाट पाहत बसायचं नाही."

सिंधूनं ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. पिंपळखुट्यांनी चष्मा काढून पुसला. विद्यार्थी बरं बोलत असला की ते असं करत. समेळांच्या चेहऱ्यावरही समाधान होतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"छान. आता अवघड भाग. हा आजार मुलीला आला कुठून, ते सांगा यांना."

पंचफुला थांबली. "सर, हिचे मालक बाहेर असतील. त्यांना आत बोलवावं लागेल."

"का?"

"मी दोघांना एकदम सांगते. एकटीला नाही."

समेळांना वाटलं तिला वेळ हवा आहे. ते सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर बागडे, इथं प्रत्येक उमेदवाराला एकच पेशंट आणि सारखाच वेळ दिलाय. एकाला नातेवाईक बोलावू दिले आणि दुसऱ्याला नाही, तर तुलना कशी करायची? आम्हाला फक्त तुमचं समजावणं बघायचंय."

"समजावणं तेच आहे, सर. माणसं तेवढी अर्धी आहेत."

"मग यांना सांगा की दोघांकडून येतं. त्यात काय चूक आहे?"

"चूक काही नाही."

पिंपळखुटे मधे पडले. "पंचफुला, तुझी रीत मला माहीत आहे. चांगली आहे. पण ही परीक्षा आहे. समज तो माणूस इथं बसलाय. त्या रिकाम्या खुर्चीवर. त्याला आणि हिला सांग. संपलं."

ती रिकामी खुर्ची भिंतीशी होती. पंचफुलानं तिच्याकडे बघितलं. तसं करता आलं असतं. सगळी वाक्यं तिच्याकडे तयार होती, आणि ती वाक्यं चांगली होती. ती बोलली असती, समेळांनी मान डोलावली असती, आणि दीड वर्षानं ते यंत्र याच इमारतीत आलं असतं. किती मुलांचे निकाल वेळेवर लागले असते. हा हिशेब खोटा नव्हता. तो तिला कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती, म्हणूनच तो जास्त जड गेला.

सिंधू या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. बोलणं तिला सगळं कळलं नव्हतं, पण गोष्ट तिचीच चालली आहे एवढं कळलं होतं. ती पंचफुलाकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "सांगून द्या ना जी. माही सासू म्हणते, हे माह्याच माहेरचं हाय. इथं माहं रक्त घेतलं, यायचं घेतलंच नाही. खरं हाय का जी ते? माह्याच माहेरचं हाय?"

खिडकीतलं कबूतर उडालं. शारदा हसली.

"तुले मी सांगितलं का दोघांचं हाय," पंचफुला म्हणाली, "तर घरी जाऊन काय करशीन?"

सिंधूनं विचार केला. खरंच केला. "सांगीन."

"कोण ऐकीन?"

पोरीच्या फ्रॉकची वर गेलेली कड सिंधूनं खाली ओढली, गुडघ्यापर्यंत, मग पुन्हा ओढली.

"तुझा मालक येते का ऐकाले? बोलावलं तर?"

"रुपराव? येते. तो काही वाईट नाही जी. पण त्याले कोणी बोलावलंच नाही ना. अंदर बाई अन् पोरगी पाह्यजे म्हणे. तो म्हणे, मी भाईर बसतो." तिनं दाराकडे बघितलं. "आता चहा प्याले गेला असंन. नाही तं गाडीत जागा धराले."

समेळ पुढे झुकले. त्यांचा आवाज कडक नव्हता. नियम सांगताना माणसाला स्वतःलाच थोडं अवघडल्यासारखं होतं तसा होता. "डॉक्टर, तुमचा वेळ संपत आलाय. तुम्ही फार छान सुरुवात केली होती. मी स्पष्ट सांगतो. शेवटच्या भागाशिवाय मला गुण देता येणार नाहीत. आणि मधेच खोली सोडली, तर मुलाखत तिथं संपली असं धरावं लागेल. सगळ्यांना तोच नियम आहे."

"सांगून टाक, पंचफुला," पिंपळखुटे म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात विनवणी होती.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. नंतर सिंधूकडे, जी अजून उत्तराची वाट बघत होती. नंतर खिडकीकडे. बाहेर दवाखान्याच्या फाटकापाशी चहाची टपरी होती, पलीकडे रस्त्यावर गावोगावच्या गाड्या थांबत. एक गाडी उभी होती. टपावर कुणी टोपली चढवत होतं.

पंचफुला उठली. रिपोर्ट तिनं टेबलावर ठेवला. टेबलाच्या टोकाशी जाऊन तिनं डबा उघडला, दोन कोऱ्या काचा काढल्या, पदरानं पुसल्या आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी एकमेकींना लावून ठेवल्या. मेणबत्ती जवळ ओढली. सुई पाण्याच्या भांड्यात टाकली आणि खालचा दिवा लावला. सिंधूला तिनं हातानंच खूण केली: बस, उठू नको. शारदानं ती खूण आपल्यासाठीच आहे असं समजून आईच्या मांडीवर पाठ टेकली.

समेळांनी काही विचारायला तोंड उघडलं. ती दारापर्यंत पोचली होती. तिनं दार उघडलं, ते मागे आपटू नये म्हणून एक क्षण हातात धरलं, आणि चहाच्या टपरीच्या दिशेनं बाहेर पडली.